सत्कार झालेला नवरा

सुशील लांजेवार कॅनडाला जायच्या आधीच त्याचा सत्कार होऊन गेला, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू झाली.

नागपूरच्या मानेवाडा रोडच्या आतल्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कोणाचा पोरगा परदेशी निघाला की हनुमान मंदिराच्या सभागृहात त्याला शाल-नारळ देतात. तिकीट हातात आल्यावरच द्यायचा, असा शिरस्ता. पण सुशीलच्या वडिलांना तेवढा दम निघाला नाही. शालिकराम लांजेवार जिल्हा परिषदेच्या कृषी विभागातून निवृत्त झाले होते. मौद्याकडे थोडी धानाची शेती होती, नागपुरात स्वतःचं घर होतं, आणि जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या सत्काराला सतरंजीवर बसून टाळ्या वाजवल्या होत्या. व्हिसाचा अर्ज पोहोचल्याचा मेल आला, त्याच आठवड्यात त्यांनी फ्लेक्स छापायला टाकला.

फ्लेक्सवर नायगाराचा धबधबा होता. सुशील जाणार होता ते रेजायना शहर त्या धबधब्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे, पण छापणाऱ्याकडे कॅनडाचा तेवढाच फोटो होता. मधोमध कोटातला सुशील. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, छापखान्याच्या फोन नंबरच्या वर, टपाल तिकिटाएवढी त्याची बायको मिनल.

खरं म्हणजे कॅनडा मिनलचा होता. ती नागपूरजवळच्या कन्हानची. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आयसीयूत नर्स होती, तिथून परीक्षा देत देत एकटी कॅनडाला गेली, आणि तिकडे कायम राहायचा परवाना तिने स्वतःच्या बळावर मिळवला. मग लग्नासाठी तीन आठवड्यांच्या रजेवर आली, सुशीलला पाहिलं, पसंत केलं, लग्न केलं आणि ड्युटीवर परत गेली. आता नवऱ्याला तिकडे न्यायचं तर अर्ज बायकोने करायचा होता. त्याच्या जेवणाखाण्याची जबाबदारी माझी, असं सरकारला लिहून द्यायचं होतं. कागदोपत्री ती त्याची स्पॉन्सर होती.

"स्पॉन्सर म्हणजे गणपती मंडळाले राहते तो काय गा?" शालिकरामांनी विचारलं होतं.

"तसंच समजा, बाबा."

"म्हणजे सुनेनं वर्गणी देली आणि तू बसला मखरात?"

 शालिकरामांनी मग हा तपशील घराबाहेर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. सत्कारात कोणीतरी विचारलं, "कोणती कंपनी नेऊन राहिली पोराले?" तेव्हा ते म्हणाले, "तिकडूनच बोलावणं आलं त्याले." यात खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुशीलला वर्धा रोडवरच्या गाड्यांच्या शोरूममधली नोकरी सोडायला लावली. सत्कार झालेल्या माणसाने पुन्हा लोकांच्या गाड्यांचं ऑइल बदलायला घ्यावं, हे त्यांना बरं दिसेना.

सुशीलने नोकरी सोडली. व्हिसा आला नाही.

पहिला महिना लोक आनंदाने विचारत, "कधी निघून राहिला?" दुसऱ्या महिन्यात, "नाही गेला काय गा अजून?" तिसऱ्या महिन्यापासून विचारणं थांबलं आणि बघणं सुरू झालं. शेवटी त्याची आई गोपिकाबाई यांनी परस्पर जाहीर करून टाकलं की सुशील ट्रेनिंगसाठी पुण्याला गेला. हे त्यांनी सुशीलला संध्याकाळी सांगितलं. तेव्हापासून तो नागपुरात असून नसल्यासारखा राहू लागला. गच्चीवर जायचं नाही, फाटकाशी उभं राहायचं नाही. बाहेर पडायचं तर हेल्मेट घालूनच.

पण माणसाला भूक आहे, आणि चौकात झणझणीत रश्श्याच्या तर्री-पोह्यांची गाडी आहे. एका सकाळी तो तिथे हेल्मेटची काच वर करून पोहे खात होता. समोरच्या घरातले महादेवराव बाजूला येऊन उभे राहिले. हे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेत असताना पाठमोऱ्या पोरालासुद्धा नावाने हाक मारत.

"सुशील हायेस काय गा?"

"नाही, काकाजी," सुशील म्हणाला, आणि तर्री तशीच टाकून निघून आला.

अशात कॅनडाच्या दिल्लीतल्या व्हिसा कार्यालयातून मेल आला. तुमचं नातं खरं आहे याचा आणखी पुरावा द्या. लग्नानंतर तुम्ही एकत्र फारच थोडे दिवस राहिलात. हे लग्न फक्त परवान्यासाठी झालेलं नाही, हे कशावरून समजायचं?

"कशावरून म्हणजे?" शालिकराम भडकले. "हजार लोक जेवून गेले! विचारा म्हणा त्याईले!"

लग्नाचा अल्बम घेऊन बापलेक धरमपेठेत मुकुंद सरांकडे गेले. मुकुंद सर परदेशी जाणाऱ्यांना सल्ला देत. स्वतः ते कधी गेले नव्हते, पण त्यांच्या केबिनमधला एसी इतका थंड होता की माणसाला अर्धी सवय तिथेच होई. त्यांनी अल्बम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला.

"यात नवरा-नवरी दोघंच असलेला फोटो कोणता?"

असा फोटो नव्हता. लांजेवारांच्या लग्नात येणारा प्रत्येक मानकरी स्टेजवर चढून दोघांच्या मधोमध उभा राहिला होता. एका फोटोत नगरसेवक, एका फोटोत शालिकरामांचे जुने साहेब, एका फोटोत अख्खी पतसंस्था. जिथे पाहुणा संपला, तिथे स्वतः शालिकराम उभे होते.

"परक्या माणसानं हे पाहिलं," मुकुंद सर म्हणाले, "तर त्याला वाटेल लग्न तुमचं झालं."

उपाय त्यांच्याकडे तयार होता. फुटाळा तलावावर जायचं, चार रोमँटिक फोटो काढायचे. मॅडम तिकडे आहेत त्याची चिंता नको. मिनल मॅडमचा ड्रेस घालून ऑफिसातली काजल पाठमोरी उभी राहील. आणि दोघांचे प्रेमाचे मेसेजही तीच लिहून देईल.

काजल टायपिंग थांबवून म्हणाली, "सर, माझं लग्न ठरून राहिलं."

"चेहरा कुठं दिसून राहिला तुझा?"

सुशीलला हे पटलं नव्हतं. पण वडील हो म्हणाले, सर हो म्हणाले, आणि नाही म्हणायची सवय त्याला कोणी लावली नव्हती. रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर त्याने काजलच्या खांद्यापासून वीतभर वर हात तरंगत ठेवला, आणि सरांच्या माणसाने फोटो काढले. नेमके त्याच संध्याकाळी महादेवराव आणि त्यांच्या पत्नी इंदुताई नातवंडांना मक्याचं कणीस खाऊ घालायला तिथे आले होते. त्या दिवशी फोटोसाठी सुशीलने हेल्मेट काढलेलं होतं.

रात्री त्याने फोटो मिनलला पाठवले. तिचा लगेच फोन आला.

"ही कोण?"

"तू आहेस."

"मी?"

सुशीलने सगळं सांगितलं.  मग तिने एवढ्या शांतपणे बोलायला सुरुवात केली की सुशीलला घाम फुटला.

"हे पकडलं गेलं न, तर तुझं तर होणारच नाही, माझ्याही परवान्याची चौकशी लागेल. मी इथे उणे तीस डिग्रीत बसची वाट पाहून पाहून तो कमावला आहे. मुकुंद सरच्या एसीत बसून नाही." मग म्हणाली, "आणि माझे केस एवढे लांब आहेत काय? लग्नात एकदा तरी पाहिलं होतं काय तू माझ्याकडे?"

"पाहत होतो. मधात नगरसेवक होता."

मिनलला हसू आलं, पण ते तिने फोनवर कळू दिलं नाही. फोटो कुठेही पाठवायचे नाहीत, असं बजावलं. एकत्र राहिल्याचा पुरावा हवा असेल तर एकत्र राहावं लागेल, एवढा साधा हिशोब तिने मांडला, आणि दीड महिन्याची बिनपगारी रजा टाकून ती नागपूरला आली.

भर दुपारी ती टॅक्सीतून एकटीच उतरली, सोबत एक मोठी बॅग. संध्याकाळपर्यंत ले-आउटमध्ये दोन बातम्या पक्क्या झाल्या. पहिली, कॅनडावाल्यांनी लांजेवारांच्या सुनेला परत पाठवलं. दुसरी इंदुताईंची: सुशीलचं फुटाळ्यावर दुसरीकडे जुळलं, म्हणून ती रडत आली.

शालिकरामांची पंचाईत झाली. सून परत आली म्हणावं तर नाक जातं. पोराला न्यायला आली म्हणावं तर तेही जातं. त्यांनी तिला सुचवून पाहिलं, "बाई, काही दिवस तूबी घरातच राहा."

सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. "मामाजी," ती म्हणाली, "लपून राहिलो तर एकत्र राहिलो हे सांगणार कोण? आता तर चार लोकांनी पाहिलंच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुशीलला घेऊन, हेल्मेटशिवाय, भाजी आणायला गेली. सुशील पुण्याहून परतल्याचं गोपिकाबाईंनी घाईघाईत जाहीर केलं, पण ऐकायला कोणी थांबलं नाही. सगळे त्या दोघांकडे बघत होते.

घरात मिनलने दुसरं काम काढलं. तिची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. तिकडे गेल्यावर घर कोण चालवणार? तिने सुशीलला कणीक भिजवायला शिकवली. त्याची पहिली पोळी पाहून गोपिकाबाई देवघरात जाऊन बसल्या. शालिकराम मात्र ताटावर बसले, त्यांनी पोळीचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "कॅनडात असंच राहते काय?"

"नाही मामाजी, तिकडं विकत मिळते. पण महाग पडते."

एवढं सगळं जमलं, तरी एक गोष्ट उरली. नात्याबाहेरच्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाचं निवेदन हवं होतं, की मी या दोघांना ओळखतो आणि हे खरे नवरा-बायको आहेत. शालिकरामांनी सरळ महादेवरावांचं घर गाठलं. सोबत सुशील आणि मिनल.

महादेवरावांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मी लिहून देणार नाही, शालिकराम. मी आयुष्यात खोटा दाखला देला नाही. पोट्ट्याले मी माझ्या डोळ्यानं फुटाळ्यावर दुसऱ्या पोरीसंग पाहिलं. ही बिचारी इथं बसली म्हणून जास्त बोलून नाही राहिलो."

"ती पोरगी मीच होती, काकाजी," मिनल म्हणाली.

महादेवराव तिच्याकडे पाहतच राहिले. इंदुताई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. मग मिनलने त्यांना सगळं सांगितलं: मेल, अल्बम, मुकुंद सर, काजल. पण महादेवराव जुने मास्तर. त्यांनी नेमकी जागा पकडली.

"पण हे तुम्हाले कशापायी करावं लागून राहिलं? सुशीलले तर कंपनीनं बोलावलं न?"

 वर पंखा कुरकुरत होता. शालिकरामांनी सुनेकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. पोरगा फरशीकडे पाहत होता.

"कंपनी नाही न गा," शेवटी ते म्हणाले. "सून नेऊन राहिली त्याले. नोकरी तिची, परवाना तिचा. आमचा तिच्या मागं मागं चालला." आणि हे एकदा तोंडातून निघाल्यावर त्यांना राहवलं नाही. "फ्लेक्सवर तिले एवढीशी छापली मी. तिकिटाएवढी."

महादेवराव हसले नाहीत, ही त्यांची मोठी मेहेरबानी. इंदुताई मात्र ट्रे ठेवून म्हणाल्या, "मग आधी सांगाचं न, भाऊजी. मी उगाच अख्ख्या ले-आउटमधे भलतं सांगून बसली. आता परत सगळीकडे जावं लागेल." आणि त्या लगेच चपला घालून निघाल्यासुद्धा.

निवेदन लिहायला महादेवराव तयार झाले, पण एका अटीवर. ऐकीव गोष्टीवर ते सही करत नसत. आठवडाभर आपण स्वतः पाहू, मग लिहू, असं म्हणाले, आणि त्यांनी आपली आरामखुर्ची व्हरांड्यात लांजेवारांच्या फाटकासमोर आणून ठेवली.

आठवडाभर तपासणी चालली. पहिले दोन दिवस सुशील आणि मिनल फाटकात उभं राहून एकमेकांशी इतकं गोड बोलले की महादेवरावांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तिसऱ्या दिवशी मात्र सुशील पाण्याची मोटर सुरू करून विसरला. टाकी भरून वाहिली, पाणी गच्चीवरून मिनलने वाळत टाकलेल्या कपड्यांवर पडलं आणि रस्त्यापर्यंत आलं. मिनल बाहेर आली.

"काहून बंद नाही केली मोटर? एक काम सांगितलं होतं!"

"तूच म्हटलं न पोळ्या लाट म्हणून! एका वेळेस एकच होते माझ्यानं!"

"मी आयसीयूत चार चार पेशंट एका वेळेस पाहते!"

"मग मलेही भरती कर तिथंच!"

समोर व्हरांड्यात कोणी बसलं आहे हे दोघंही विसरले होते. भांडण मोटरवरून पोळ्यांवर, पोळ्यांवरून अल्बमवर, तिथून मिनलच्या माहेरच्यांनी न दिलेल्या कुलरवर आणि अखेर सुशीलने न उचललेल्या एका फोनवर गेलं. मग मिनल ओले कपडे पिळू लागली आणि सुशीलने चादरीचं दुसरं टोक धरलं. पिळतानासुद्धा ते भांडतच होते.

महादेवराव आत गेले आणि त्यांनी निवेदन लिहायला घेतलं. इंग्रजी त्यांचं जुन्या वळणाचं होतं. त्यांनी लिहिलं, की अर्जदार व त्याची पत्नी यांचं भांडण मी प्रत्यक्ष ऐकलं असून, त्याचे विषय, त्याची लांबी आणि शेवटी चादर पिळण्याची पद्धत पाहता ही दोघं पती-पत्नी आहेत याबद्दल मला शंका नाही. परवान्यासाठी लग्न केलेली माणसं एवढी मेहनत घेत नाहीत.

यानंतर मिनलने दोघांचे खरे मेसेजही जोडले. गेल्या कित्येक महिन्यांचे, जसेच्या तसे, भाषांतरासकट. त्यात प्रेम असं कमी होतं. जेवला का, कोणती भाजी, फोन काहून नाही उचलला, हेच जास्त. बायको नवऱ्याला 'तू' म्हणते हे वाचून शालिकरामांना धक्का बसला असता, पण इंग्रजीत सगळंच 'यू' झालं आणि ते संकट टळलं.

मिनल परत गेली, आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीहून मुलाखतीचा फोन आला. सुशील बैठकीत बसला. शालिकराम आणि गोपिकाबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहिले.

अधिकारी बाई इंग्रजीत विचारत होती. तुमची बायको कामावर काय करते? सुशीलने सांगितलं: ती रात्री श्वासाच्या नळ्या लावलेल्या माणसांजवळ असते, बारा-बारा तास उभी राहते, घरी आल्यावर आधी पाय गरम पाण्यात ठेवते, आणि त्या वेळी तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालत नाही. हे त्याला त्या दीड महिन्यात कळलं होतं. सहा महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर 'नर्स आहे' एवढंच त्याला सांगता आलं असतं.

आणि तुम्ही तिथे जाऊन काय करणार?

"सुरुवातीला घर सांभाळीन," सुशील म्हणाला. "मग गॅरेजमध्ये काम बघेन. गाड्या मला येतात."

दाराआड शालिकरामांनी बायकोला कोपर मारलं. "हाऊस म्हटलं न त्यानं? हाऊस घेऊन राहिला काय?"

"घर सांभाळतो म्हणते," गोपिकाबाई कुजबुजल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण पोरगा कळत होता.

व्हिसा आला. या वेळी सत्कार नको, असं शालिकराम स्वतःच म्हणाले. पण ले-आउटवाले ऐकेनात. कार्यक्रम पुन्हा झाला, शाल पुन्हा आली, आणि मिनल नसल्यामुळे तिचा नारळ घ्यायला तिचे सासरे स्टेजवर गेले. माइक हातात आल्यावर ते सुनेच्या नोकरीबद्दल इतका वेळ बोलले, की तिच्या पगाराचा आकडा सांगायच्या आत महादेवरावांना टाळ्या सुरू कराव्या लागल्या.

टोरंटोला सुशील उतरला तेव्हा दुपार होती. मिनल रेजायनाहून त्याला घ्यायला आली होती आणि बाहेर थांबली होती. परवाना असलेले लोक एका बाजूने झरझर निघून गेले. नव्याने राहायला आलेल्यांना एका मोठ्या दालनात बसवलं गेलं. सुशीलकडे कागदांची फाइल होती आणि आईने दिलेले सांडगे होते, ज्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

त्याचा नंबर आला. काचेमागच्या तरुण अधिकाऱ्याने कागद चाळले.

"तुम्हाला इथे कोण बोलावतंय?"

"माय वाइफ," सुशील म्हणाला. स्वतःलाच वाटलं त्यापेक्षा ते जरा मोठ्याने निघालं. दालनातल्या दोन-चार माना वळल्या.

मागे रांगेत एक धिप्पाड सरदारजी उभा होता, हातात तशीच फाइल. तो थोडा पुढे वाकला आणि हळूच पंजाबीत म्हणाला, "भाजी, मैनूं वी." म्हणजे, भाऊ, मलाही.

त्याच्यामागच्या केरळी मुलाने नुसता हात वर केला.

सुशील बाहेर आला तेव्हा मिनल कठड्याला टेकून उभी होती, जाड कोट घालून, त्याच्यासाठी आणलेला दुसरा कोट हातावर टाकून. रात्रीची ड्युटी करून ती तशीच विमानात बसली होती.

"एवढा वेळ काहून लागला?"

"रांग होती," सुशील म्हणाला. त्याने तिच्या हातातून कोट घेतला आणि अंगावर चढवला. तो त्याला ढगळ होत होता. "सगळे सासरी चालले होते."